भरणी, चौथा चरण, लो

मुलगी झाली त्या संध्याकाळी गुरुजींचा मेसेज आला. "अभिनंदन. मेष रास, भरणी नक्षत्र, चतुर्थ चरण, आद्याक्षर लो." खाली जोडलेले हात आणि त्याखाली दक्षिणेसाठी क्यूआर कोड. मी हॉस्पिटलच्या जिन्यात एका हातात डायपरचं पाकीट, दुसऱ्या हातात पेढ्यांचा बॉक्स आणि बॉक्सवर मोबाईल तोलत उभा, आणि मला वाटलं गुरुजींचं टायपिंग अर्धवट राहिलंय, लो म्हणजे लोकेशन पाठवा असं काहीतरी पुढे येणार असेल, म्हणून पाच मिनिटं तसाच थांबलो. काही आलं नाही. लो एवढंच होतं.

आता मी काही पत्रिका-बित्रिका मानणारा माणूस नाही, म्हणजे लग्नापर्यंत तरी नव्हतो, पण बाळ हातात आलं की माणूस एकदम सगळंच मानायला लागतो, मीठमोहऱ्या ओवाळण्यापासून लसीच्या तक्त्यापर्यंत. आई म्हणाली अक्षर आलंय तर पाळावं. बायको म्हणाली पाळू, पण नाव रेअर पाहिजे, सोसायटीत कुणाचंच नसलेलं. आणि मी, ज्याला कुणी विचारलंच नव्हतं, तो म्हणालो की नावाला खरा अर्थ पाहिजे, नेटवरचा नको. तिथेच मी पायावर धोंडा पाडून घेतला, कारण मग दोघी एकदम म्हणाल्या, "मग तूच शोध."

भरणीची चार अक्षरं ली, लू, ले, लो. म्हणजे बाई दोनतीन तास आधी आली असती तरी लेखा-बिखा करून सुटलो असतो. नाही म्हणायला याहून वाईट नशिबं असतात. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ङ येतो, हस्ताच्या तिसऱ्याला ण, आणि उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला चक्क ञ. पण तिथे शास्त्रानंच सवलत दिलीये, ङ आला तर ग घ्या, ञ ला ज, ण ला ड. लो ला सवलत नाही. का, तर म्हणे लो वरून नावं असतात.

असतात ना. फॅमिली ग्रुपवर अर्ध्या तासात आली. लोचना. लोकमाता. मामेभावाने लोकेश टाकलं, मुलगी झालीये हे त्याने वाचलंच नव्हतं, फोटोला नुसता अंगठा देऊन मोकळा झाला होता. एका काकूंनी "लोणी कसं वाटतं, कृष्णाशी रिलेटेड" असं लिहिलं आणि त्या सिरियस होत्या. मेहुणा म्हणाला लोणावळा ठेवा, आठवण राहील. कसली आठवण ते त्याने लिहिलं नाही पण बायको दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

रेअरचं पण सांगतो. आमच्या बागेत संध्याकाळी सहा वाजता "स्वराऽऽ" अशी हाक मारली की घसरगुंडीवरून चार मुली उतरतात आणि बाकावरून सुवर्णाआजी उठतात, त्यांना कमी ऐकू येतं. त्या चारही स्वरांच्या आयांनी नाव युनिक आहे म्हणूनच ठेवलेलं. आमच्या वर्गात चार अमोल आणि तीन सचिन होते पण त्यांच्या आईबापांनी निदान युनिकचा दावा केला नव्हता, दुकानात मिळत होतं ते नाव आणलं आणि ठेवलं. आता कसंय, सगळे एकाच वेळी वेगळं काहीतरी शोधायला निघतात, एकाच मोबाईलवर, एकाच चारपाच साइटवर, आणि सगळ्यांना तेच वेगळं सापडतं.

त्या साइटवर मी चार रात्री काढल्या. रात्री म्हणजे खरंच रात्री, कारण बाळ दोन ते चार या वेळात खांद्यावरच राहायचं, आडवं केलं की भोंगा. एका हाताने थोपटायचं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने स्क्रोल. तिथे प्रत्येक नावाचा अर्थ एकतर गणपती, नाहीतर दुर्गा, नाहीतर "देवाची देणगी". आणि ते यांश प्रकरण! रेयांश म्हणजे म्हणे सूर्याचा अंश. अरे कसा? रवी अधिक अंश, शाळेत शिकवलेली संधी करायची तर रव्यंश होतो, आणि ते नाव कुणी ठेवणार नाही कारण ऐकायला रव्याच्या लाडवाचा तुकडा वाटतो. मी हे सगळं रात्री तीन वाजता त्या तीन किलोच्या बाळाला समजावून सांगत होतो आणि ते माझ्या शर्टवर दूध काढत होतं.

अशाच एका रात्री यादीत खाली खाली, लोहिताच्या पण खाली, दिसलं. लोपामुद्रा. समोर अर्थ लिहिला होता, "अगस्ती ऋषींची पत्नी". हा काय अर्थ झाला का? या हिशोबाने माझ्या बायकोच्या नावाचा अर्थ मी. पण नाव मात्र डोक्यात बसलं. तोंडात घोळवून बघितलं, लो-पा-मु-द्रा, आणि काय सांगू, खांद्यावरचा भोंगा बंद झाला. नंतर कळलं तिला तेव्हा ढेकर आली होती. पण तेवढ्यात माझा निर्णय झालेला.

सकाळी बायकोला सांगितलं. तिने आधी लोपा करून बघितलं, मग मुद्रा करून बघितलं, म्हणाली वाईट नाहीये, सोसायटीत नक्की कुणाचं नाही. आई म्हणाली, "लोप म्हणजे नाहीसं होणं ना रे? शुभ वाटत नाही." आणि तिने कोथरूडच्या काकांना फोन लावला. हे काका म्हणजे आमच्याकडचं सुप्रीम कोर्ट. पस्तीस वर्षं संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, निवृत्तीनंतर शिकवायला कुणी नाही म्हणून लोकांच्या पत्रिकांमधली शुद्धलेखनं तपासतात.

काका बाळ बघायला म्हणून आले आणि बाळाकडे बघितलंच नाही. खुर्चीत बसून म्हणाले, "लुप् धातू. अदर्शनं लोपः, पाणिनी, पहिला अध्याय, पहिला पाद, साठावं सूत्र." मी म्हटलं वा. "महाभारतात वनपर्वात कथा आहे. अगस्तींना एकदा त्यांचे पितर खड्ड्यात उलटे लोंबकळताना दिसले. का, तर म्हणे तू लग्न करेनास, वंश खुंटला. मग हा गृहस्थ पृथ्वीवर बायको शोधत हिंडला, पसंत पडेना, शेवटी एकेका प्राण्याचा सगळ्यात सुंदर भाग गोळा करून त्याने स्वतःच मुलगी घडवली आणि मूल नाही म्हणून तप करत बसलेल्या विदर्भाच्या राजाला देऊन टाकली. ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्या त्यांच्या सौंदर्याच्या मुद्रेचा लोप झाला, म्हणून लोपामुद्रा, असं सांगतात." आई बाळाकडे बघत होती. बाळाचं नाक आमच्याकडचं, रंग बायकोकडचा, कान कुणाचे यावर अजून वाद चालू होता. म्हणजे गोळा करूनच आणलेली.

मला जरा जोर आला. मी म्हटलं, "आणि काका, ती ऋषिका पण आहे ना, ऋग्वेदात तिचं सूक्त आहे."

"पहिलं मंडल, सूक्त १७९," काका म्हणाले. "वाचलंयस?"

"म्हणजे... समरी वाचली."

"देवता कोण आहे त्या सूक्ताची?"

"अग्नी?" कुठेही अग्नी सांगितलं की ऋग्वेदात निम्मे मार्क मिळतात असा माझा अंदाज.

"रती," काका म्हणाले, आणि चहाचा घोट घेतला.

खोलीत शांतता पसरली. सासूबाई दुपटी घड्या करत होत्या त्या जरा जोरात करायला लागल्या. काकांना कशाचं काही नाही, वर्गात शिकवावं तसं सुरूच. "पहिली ऋचा लोपामुद्रेच्या तोंडी. ती नवऱ्याला म्हणते, कित्येक वर्षं मी दिवसरात्र राबतेय, एकेक पहाट म्हातारपण जवळ आणतेय, शरीराची शोभा चाललीये. म्हणजे थोडक्यात, तुमचं तप पुरे, घरात लक्ष द्या."

आतल्या खोलीतून बायकोचा आवाज आला, "हेच मी मागच्या मंगळवारी बोलले."

नाव तिथेच पास झालं असं माझं मत आहे, बायकोला ती बाई पटली. पण काकांची गोष्ट अजून संपली नव्हती. लग्न झाल्यावर अगस्ती म्हणाले दागिने-बिगिने उतरव, वल्कलं नेस. तिने नेसली. पुढे जेव्हा हे महाशय संसाराचं बोलायला लागले तेव्हा ती म्हणाली, संसार करायचा तर माझ्या बापाच्या घरी होता तसा पलंग पाहिजे, दागिने पाहिजेत, आणि हे सगळं तुमच्या तपाची पुंजी न मोडता पाहिजे. झालं, ऋषी निघाले पैसे मागायला. एका राजाकडे गेले, त्याने जमाखर्चाच्या वह्याच पुढे ठेवल्या, आय आणि व्यय समसमान, शिल्लक शून्य. दोघं मिळून दुसऱ्याकडे गेले, तिथे तेच. तिघं मिळून तिसऱ्याकडे, त्रसदस्यूकडे, तिथेही तेच. मग चौघं मिळून इल्वल नावाच्या असुराकडे गेले, त्याच्याकडे कॅश होती. ती वातापीची गोष्ट, बोकड करून वाढायचा आणि मग "वातापी, बाहेर ये" म्हणून हाक मारायची, ती याच ट्रिपमधली. अगस्तींनी वातापी पचवला हे सगळ्यांना माहिती असतं, बायकोच्या दागिन्यांसाठी पचवला हे कुणी सांगत नाही. शेवटी तिला विचारलं हजार मुलगे हवेत की हजारांच्या तोडीचा एक. ती म्हणाली एक. "ही मात्र हुशार," सासूबाई पहिल्यांदाच बोलल्या.

सासरे अमरावतीहून दुसऱ्या दिवशी पोचले. त्यांना नाव सांगितलं आणि त्यांनी बॅग खाली पण ठेवली नाही. "अरे जवाईबापू, हे तं आपल्या इकडची पोरगी हाये! रुक्मिणी आपली, कौंडण्यपूरची. दमयंती आपली. इंदुमती आपली. अन हे बी आपलीच. काहून नाही ठेवाचं मंग?" त्यांच्या मते देवांना, राजांना आणि ऋषींना बायका पुरवायचं कंत्राट पूर्वीपासून विदर्भाकडे आहे आणि त्या बदल्यात विदर्भाला अजूनपर्यंत पश्चिम महाराष्ट्राने काही दिलेलं नाही. ते माझ्याकडे बघून म्हणाले. माझं घर पुण्यात.

आजीचं काय होईल ही धास्ती होती. आजी माझी शहाऐंशी वर्षांची, तिला हल्लीची नावं अजिबात चालत नाहीत, कियारा ऐकलं की विचारते कसलं केअर. तिच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, आजी, लोपामुद्रा! ती म्हणाली, "ओरडतोस कशाला, रोज म्हणते मी. लोपामुद्रार्चिता लीलाक्लृप्तब्रह्माण्डमण्डला." ललितासहस्रनाम. लोपामुद्रेने जिची पूजा केली ती देवी. साठ वर्षं ती बाई आमच्याच देवघरात रोज सकाळी येऊन जात होती आणि मी तिला रात्री तीन वाजता गुगलवर शोधत होतो.

इथपर्यंत मी हवेत होतो. म्हणजे बघा, वेद आहे, महाभारत आहे, सहस्रनाम आहे, सासरा खूश आहे, आणि शिवाय रेअर. मग वहिनीचा फोन आला. "अय्या, बिग बॉसवरून ठेवलंत?" म्हटलं काय? "अहो ती लोपामुद्रा राऊत, नागपूरची, दहाव्या सीझनमध्ये होती ना." मी सासऱ्यांकडे बघितलं. ते पेपर वाचायला लागले. म्हणजे यांना माहिती होतं.

ऑफिसात पेढे वाटले तर शेजारच्या डेस्कवरचा बंगाली म्हणाला, "अरे वा, लोपा! मेरी बडी मौसी का नाम है." त्याच्याकडे म्हणे हे नाव मावशा-आत्यांचं, आपल्याकडे सुनंदा-शालिनी असतं तसं. लोपामुद्रा मित्र म्हणून त्यांच्या मोठ्या गायिका आहेत, त्याने तिथल्या तिथे गाणं लावून दाखवलं. पलीकडून ओडिशावाली उठून आली, तिच्या शाळेत लोपामुद्रा मिस होत्या, गणिताच्या, मारायच्या. मी मुकाट्याने पेढे पुढे केले. आपल्याकडे रेअर म्हणजे एवढंच असतं, शोध चुकीच्या राज्यात लागलेला असतो.

बारसं ठरलं. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, ती नाशिकहून येईपर्यंत गाडीत पाठ करत आली. पण त्याआधी पाळणा. आमच्या शेजारच्या काकू पाळणे रचून म्हणतात, हौस आहे त्यांना, नाव सांगा मी बसवते म्हणाल्या. दोन दिवसांनी वही घेऊन आल्या, चेहरा उतरलेला. "अहो मुद्राला यमक काय लावू? क्षुद्रा होतं, शूद्रा होतं, दोन्ही नको." मग त्यांना निद्रा सापडलं आणि त्या खुलल्या. बारशाच्या दिवशी सगळ्या बायकांनी ठेक्यात म्हटलं,

पाळण्यात निजली लोपामुद्रा
डोळ्यांत येवो सोन्याची निद्रा
जो बाळा जो जो रे जो

आणि त्या सोन्याच्या निद्रेच्या शेवटच्या जो ला पाळण्यातून जो भोंगा सुरू झाला तो घुगऱ्या संपेपर्यंत. बायको माझ्या कानात म्हणाली, लोप झालाय तो हिच्या नाही, आपल्या निद्रेचा.

मग कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या झालं. पाळण्याखालून-वरून बाळ फिरवलं, बहीण वाकली, बाळाच्या कानात कुर्र केलं, आणि नाव सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात मागून उत्साही बायकांचे धपाटे सुरू झाले. आत्याच्या पाठीत धपाटे घालायची पद्धत आहे, पण नाव सांगून झाल्यावर. हिला पहिला धपाटा लो ला बसला आणि दुसरा पा ला. त्यामुळे बाळाच्या कानात नक्की काय गेलं हे आजही कुणाला ठाऊक नाही. बाहेर एकीने ऐकलं राजमुद्रा, एकीने रोपामुद्रा, आणि मागच्या रांगेतल्या सुवर्णाआजी शेजारणीला म्हणाल्या, "लोकमुद्रा? प्रेस आहे का यांची?" राजमुद्रा मात्र पसरलं. सोसायटीचे चेअरमन लिफ्टमध्ये भेटले, माझा हात धरून "वा! मुद्रा भद्राय राजते! अभिमान वाटला" म्हणाले, आणि डोळे भरून आले होते त्यांचे, मग कसं सांगणार. त्यांच्यासाठी ती अजून राजमुद्रा आहे. शिवजयंतीला तिला स्टेजवर बोलावणारेत.

पहिल्या झटक्यात नाव बरोबर ऐकणारा आणि बरोबर उच्चारणारा माणूस आजपर्यंत एकच भेटला, कॅबवाला. लस द्यायला चाललो होतो, बायको बाळाला समजावत होती की लोपामुद्रा रडणार नाही हं, तर तो आरशातून म्हणाला, "अगस्ती महाराजांच्या मंडळी. मी अकोल्याचा आहे." सासरे मागे बसले होते ते उसळलेच, "अकोल्याचे का? आमच्या बाजूचेच तुम्ही!" तो म्हणाला नाही हो, अकोला नाही, अकोले, नगर जिल्ह्यातलं, प्रवरेकाठी, तिथे अगस्तींचा आश्रम आहे आमच्या. मग आश्रम नगरकडे आणि माहेर विदर्भात, तर बाई नक्की कुणाची, यावर दोघांचं असं जुंपलं की हॉस्पिटल मागे पडलं.

नाव नसताना जन्माची नोंद करून ठेवली होती, ती २१ दिवसांच्या आत करायची असते. नाव नंतर वर्षभरात फुकट घालता येतं, लेट फी भरून पंधरा वर्षांपर्यंत. मला तेव्हा वाटलं होतं पंधरा वर्षं कुणाला लागतात. आता वाटत नाही. तर महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव पण लावायचं असतं, आधी बाळाचं, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. निर्णय चांगला आहे, मला पटतो, पण तो घेताना सरकारच्या डोळ्यांसमोर लोपामुद्रा धर्माधिकारी नव्हती. इंग्रजीत लोपामुद्राची अक्षरं नऊ, धर्माधिकारीची तेरा, मधली आम्हा दोघांची धरली तर गाडी चाळिशीच्या घरात जाते. खिडकीतल्या माणसाने फॉर्म हातात घेतला, मान तिरकी करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचला आणि म्हणाला, "ही एकच व्यक्ती आहे का?"

मग त्याने ते टाईप केलं आणि टाईप करताना लोपा आणि मुद्राच्या मध्ये एक स्पेस पडली. प्रिंट हातात आली. बाळाचं नाव लोपा, आईचं नाव मुद्रा, बापाच्या जागी बायकोचं नाव आणि आडनावाच्या जागी मी. बायको बराच वेळ कागदाकडे बघत होती. म्हणाली, "लग्नात पण मी नाव बदललं नव्हतं." दुरुस्तीसाठी मला तीन चकरा पडल्या आणि प्रत्येक चकरेत नवीन माणसाला अगस्तींपासून सांगावं लागलं. तिसऱ्या चकरेला त्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "एवढं कशाला, अन्वी ठेवायचं. छान आहे, वेगळं आहे."

हे स्पेसचं भूत अजून उतरलेलं नाही. पहिल्या वाढदिवसाचा केक सांगताना मी फोनवर नीट एकेक अक्षर सांगितलं होतं. बॉक्स उघडला तर त्यावर "हॅपी बर्थडे लोपा अँड मुद्रा", आणि दुकानदाराने आपलेपणाने दोन मेणबत्त्या टाकलेल्या, एक गुलाबी, एक जांभळी, शिवाय जुळ्यांसाठी म्हणून शंभर रुपये डिस्काउंट. डिस्काउंट मी परत केला नाही.

आणि घरात तरी एकमत असावं ना, तेही नाही. आजी म्हणते लोपामुद्रेला भरवलं का, बायको म्हणते लोपामुद्राला भरवलं का. आजीचं व्याकरण जुनं, सीतेला-गंगेला वालं. मी मध्ये पडून एकदा लोपाला म्हटलं तर दोघी माझ्यावरच घसरल्या, एवढं शोधून आणलंस ते अर्धं बोलायला का? कामाच्या मावशी या भानगडीत पडल्याच नाहीत. त्या पहिल्या दिवसापासून तिला "ओ म्याडम" म्हणतात आणि ती फक्त त्यांनाच ओ देते.

मागच्या महिन्यात तिचं सुकन्या समृद्धीचं खातं उघडायला बँकेत गेलो, ती माझ्या मांडीवर, पावणेदोन वर्षांची, तोंडात माझी किल्ली. मोठी रांग. टोकन आलं, काचेपलीकडच्या तरुणाने मान वर न करता विचारलं, "बोला, कशासाठी?"

"खातं उघडायचंय."

"नाव?"

"लोपामुद्रा."

"मुद्राचं काय? शिशु, किशोर की तरुण?"

मला वाटलं वाह, काय व्यवस्थित विचारतोय, वयोगटानुसार स्कीम असणार. मांडीवरच्या बाईकडे बघून म्हटलं, "शिशु."

"शिशुमध्ये पन्नास हजारांपर्यंत होईल. कोलॅटरल लागत नाही. व्यवसाय काय?"

"व्यवसाय... अजून असा काही नाही. खाते, झोपते, म्हणजे झोपत नाही फारशी."

"नवीनच सुरू केलंय का?"

"पावणेदोन वर्षं झाली."

"उत्पन्न?"

"शून्य."

"आणि खर्च?"

मी आकडा सांगितला. आता मात्र त्याने मान वर केली. काच, काचेला चिकटवलेलं मुद्रा कर्जयोजनेचं जुनं पत्रक, त्यावर शिशु, किशोर, तरुण असे तीन रकाने, आणि पत्रकाच्या खालून लोपामुद्रा धर्माधिकारी त्याच्याकडे किल्ली दाखवत होती. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. मग तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "सुकन्या सहा नंबरला."

सहा नंबरला खातं झालं, २५० रुपये भरले, तिथल्या बाईंनी तिला विचारलं नाव काय बाळाचं, आणि तिने किल्ली तोंडातून काढून आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव पूर्ण सांगितलं. "लोपामुद्दा." बाईंनी ते तसंच पासबुकावर लिहिलं असतं, मी हात धरला.

बाहेर फुटपाथवर बांगड्यांची गाडी उभी होती. लाल, हिरव्या, काचेच्या, उन्हात नुसत्या चमकत होत्या. मुद्द्याचं बोट गेलं. "हे. हे पायजे." मी म्हटलं घरी आहेत ना बाळा. "हे पायजे!" खिशात होते ते अडीचशे आत्ताच सुकन्येला गेलेले, यूपीआय उघडलं तर ते नुसतंच गोल गोल फिरत होतं, आय आणि व्यय समसमान. बांगडीवाली म्हणाली, "साहेब, आता नाय सोडायची ती." मी तिला कडेवर घट्ट धरलं आणि पहिल्या राजाला, म्हणजे माझ्या बाबांना, फोन लावला. ते म्हणाले पेन्शन उद्या येईल, विदर्भात विचारून बघ.